जोडीदाराला अवेळी डिमेन्शिया झाला, आता पुढं काय? सोलापूरकर नवरा-बायकोंसाठी

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती, समज आणि वागणं हळूहळू ढासळवणारा मेंदूचा आजार. तो वयाच्या ६५ च्या आत सुरू झाला तर डॉक्टर त्याला 'अवेळी' म्हणतात. सत्तरीनंतर हा आजार आला तर घरात कर्ती मुलं असतात, कर्ज फिटलेलं असतं. पंचेचाळीस-पन्नाशीत आला तर आजारी माणूसच कमावता असतो, जुळे सोलापूरच्या फ्लॅटचे हप्ते चालू असतात, पोरगं बारावीला असतं आणि सासू-सासऱ्यांची औषधंही त्याच पगारातून येत असतात. सगळं ओझं एकट्या जोडीदारावर पडतं. हा लेख त्या जोडीदारासाठी आहे.

कामाचा क्रम असा ठेवा: भांडण आणि आजार वेगळे काढणं, तपासणी, कागदपत्रं, नोकरी, मग घर आणि संसार. बहुतेक घरांत कागदांची आठवण शेवटी होते आणि तोवर सहीला किंमत राहिलेली नसते. म्हणून इथं कागद वर घेतले आहेत.

भांडण आहे की आजार?

या वयात आजार लवकर ओळखू येत नाही, कारण तो संसारातल्या कुरबुरीसारखा दिसतो. नवरा बोलेनासा होतो. बायकोचं स्वयंपाकात लक्ष लागत नाही. पगारातले पैसे कुठं गेले ते सांगता येत नाही. मुलीला बक्षीस मिळालं तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग घरचे आपापले निष्कर्ष काढतात: बाहेर लफडं आहे, दारू लागली, सुनेनं डोकं खाल्लं, कुणीतरी करणी केली. डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला ज्यांचं नाव आहे, त्या डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णाचं वर्णन १९०६ साली डॉक्टरांपुढं मांडलं, त्या ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. अल्झायमर यांच्या नोंदीत त्यांचं पहिलं लक्षण लिहिलंय ते नवऱ्याबद्दलचा संशय. म्हणजे या आजाराची पहिली प्रसिद्ध नोंदच अवेळी आजाराची आहे, आणि तिची सुरुवात घरातल्या संशयातून झालेली आहे.

तीन गोष्टी तपासा. वागणं मूळ स्वभावाला सोडून आहे का? सहा महिन्यांत वाढत गेलंय का? आणि घराबाहेरच्यांनाही दिसतंय का? माणूस फक्त तुमच्याशी वाकडा वागत असेल आणि बाकी व्यवहार चोख असतील, तर ते भांडण असण्याचीच शक्यता जास्त. कारखान्यातला जोडीदार, भिशीतल्या बायका, टपरीवाला हेही 'हल्ली जरा वेगळंच चाललंय' म्हणत असतील तर उशीर करू नका.

तरुण वयात प्रत्येकाची सुरुवात विसरण्यानं होत नाही. अल्झायमरच्या एका प्रकारात डोळे चांगले असूनही समोरची वस्तू सापडत नाही, जिन्याची पायरी चुकते, भाकरी तव्यावर टाकताना अंदाज हुकतो. चष्म्याचे नंबर बदलून बदलून माणूस थकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (मेंदूचा कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग आधी बिघडतो तो) स्मरणशक्ती बरेच दिवस शाबूत असते, पण माया आटते, लाज सुटते, गोडाची हाव सुटते, पैसे उधळले जातात. संसाराला सर्वांत जास्त चटके याच प्रकारात बसतात, कारण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. बीपी-शुगरवाल्यांत मेंदूच्या बारीक झटक्यांमुळं होणारा प्रकार पायरी-पायरीनं उतरतो: महिनाभर तसाच, मग एकदम घसरण.

वही घाला. तारीख, वेळ, नेमकं काय घडलं, आधी काय झालं होतं, एवढंच लिहा. 'विचित्र वागले' असं लिहून उपयोग नाही. 'मंगळवारी सकाळी साडेनऊला पार्क चौकात गाडी लावली, दुपारी रिक्षानं घरी आले, गाडी चोरीला गेली म्हणाले' अशी नोंद डॉक्टरांना तीन तपासण्यांइतकी उपयोगी पडते. तुमचा राग त्या वहीत लिहू नका. पुढं ही वही बँकेत किंवा कोर्टातही लागू शकते.

तपासणी

शासकीय रुग्णालय गाठायचं तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. खासगीत जायचं तर मेंदूविकारतज्ज्ञ, किंवा मानसोपचारतज्ज्ञ. पन्नाशीच्या आतल्या माणसाला 'टेन्शन आहे' म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं जाणं नेहमीचं आहे. नैराश्यातही विसरायला होतं, त्यामुळं तो उपचार आधी करून बघणं चूक नाही. पण सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणीची तारीख तिथंच घ्या. फरक नसेल तर पुढची तपासणी मागा.

पहिल्या फेरीत बरे होऊ शकणारे आजार बाजूला काढतात. रक्तात बी-१२, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, एचआयव्ही आणि सिफिलिस. शेवटच्या दोन नावांवरून घरात वादळ नको; या वयात त्या तपासण्या नियमानं सांगितल्या जातात, चारित्र्यावर शंका म्हणून नव्हे. आपल्याकडं शाकाहारी घरं बरीच, शिवाय मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेले लोक कमी नाहीत. दोन्हींनी बी-१२ खालावतं. डोक्याचा एमआरआय लागतो. डोक्याला मार लागून साकळलेलं रक्त, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी हे त्यात दिसतं. झोपेत मोठ्यानं घोरून श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

स्मरणशक्तीची लेखी चाचणी कोणत्या भाषेत होते याकडं लक्ष द्या. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, बँकेत मराठी असा कारभार असतो. जी भाषा लहानपणापासून तोंडात आहे तिच्यातच चाचणी व्हायला हवी, नाहीतर मार्क उगाच कमी पडतात. विड्या वळणारी, शाळेत न गेलेली बाई घड्याळाचं चित्र काढू शकली नाही, म्हणून तिला डिमेन्शिया झाला असं होत नाही. 'निरक्षरांसाठीची चाचणी आहे का?' असं सरळ विचारा.

डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बहुतेक रुग्ण झकास बोलतात. म्हणून वहीतल्या ठळक नोंदींचा एक कागद आत आधीच पाठवा आणि पाच मिनिटं वेगळं बोलायला मागा. नवऱ्यासमोर त्याच्या चुका वाचून दाखवल्या की घरी आल्यावर त्याचे परिणाम तुम्हालाच भोगावे लागतात.

औषधांकडून अपेक्षा माफक ठेवा. डोनेपेझिल अल्झायमरमध्ये देतात; साधारण ५ मिलिग्रॅमनं सुरुवात आणि चार-सहा आठवड्यांनी १०. त्यानं आजार थांबत नाही, काही काळ गाडी जरा बरी चालते. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं हे त्रास होतात, म्हणून आधी ईसीजी काढतात. रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्या. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात या गोळीचा फायदा दिसत नाही, उलट चिडचिड वाढू शकते. तेव्हा शेजारच्या काकांची चिठ्ठी बघून औषध आणू नका.

अंगारा-धुपारा करणाऱ्या सासूबाईंशी भांडू नका. सिद्धेश्वराला जायचं तर खुशाल जावं. फक्त गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या आणि हजारो रुपये मागणाऱ्या माणसाच्या दारात पाय ठेवू नका.

कागद: निदानानंतरचे पहिले तीन महिने

आजार लागला म्हणजे सही लगेच बाद होत नाही. कशावर सही करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे माणसाला त्या वेळी समजत असेल तर ती सही चालते. हा काळ किती टिकेल सांगता येत नाही, म्हणून घाई.

पहिली गोष्ट, मुखत्यारपत्रावर विसंबू नका. वकील किंवा नातेवाईक बऱ्याचदा तेच सुचवतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं.

त्याऐवजी हे करा. बँक खाती आणि ठेवी दोघांच्या नावावर घ्या, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीनं. लॉकरही तसाच. नॉमिनीचं नाव भरा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे लक्षात ठेवा. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं ठरते. म्हणून मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. त्याच तारखेचं डॉक्टरांचं 'समज शाबूत आहे' असं प्रमाणपत्र सोबत जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडं करून घ्या. भाऊबंदकीत तीच कामी येते. राहतं घर जोडीदाराच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. पण घर कर्जाखाली असेल तर बँकेची परवानगी आधी घ्यावी लागते.

गावाकडं शेत असेल तर सातबारा दर दोन-तीन महिन्यांनी ऑनलाइन बघत जा. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडं सामाईक जमिनी बऱ्याच, आणि 'दादा, जरा इथं सही कर' म्हणून हक्कसोडपत्र करून घेणारे आपलेच असतात. समज नसताना केलेला करार कायद्यानं टिकत नाही, पण समज नव्हती हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. तारीखवार डॉक्टरी कागद आणि तुमची वही तिथं उपयोगी पडते. पतसंस्थेत जोडीदार कुणाला जामीन राहिलाय का, हेही याच वेळी शोधा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्ण समज असताना आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. उपचार कसे हवेत, कसे नकोत याचं आगाऊ निवेदनही करता येतं. शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर त्याचा कागद वेगळा: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं 'लिव्हिंग विल' (हे मृत्युपत्र नव्हे), दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. हे बोलणं अवघड असतं. पण दोघांनी बसून, रुग्णाला मत असताना बोललेलं बरं. नंतर दिरा-नणंदांच्या सहा मतांतून वाट काढावी लागते.

समज गेल्यावर घर विकायची वेळ आली, तर पालक म्हणून नेमणूक न्यायालयातूनच घ्यावी लागते. नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या यादीत डिमेन्शिया बसत नाही, त्यामुळं तिकडं हेलपाटे नकोत. अशा प्रकरणांत जोडीदार उच्च न्यायालयात जातात. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलाय, त्यामुळं मुंबईची वारी वाचते. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. स्त्रिया आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

नोकरी-धंदा: राजीनामा लिहू नका

चुका वाढल्या की साहेब 'तुम्हीच राजीनामा द्या, इज्जतीनं जा' म्हणतात, आणि माणूस सही करून येतो. ती सही होऊ देऊ नका. सरकारी, निमसरकारी, महापालिकेच्या नोकरीत दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २०(४) आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद घटवता येत नाही; झेपणारं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणी सिव्हिलमध्ये होते. ४० टक्के ही बहुतेक लाभांची सीमा आहे.

खासगीत पीएफ कापला जात असेल तर ईपीएस-९५ (पीएफसोबतची पेन्शन योजना) ची अपंगत्व पेन्शन बघा. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वामुळं नोकरी सुटली तर दहा वर्षं सेवेची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते. साधा राजीनामा दिला की हा दावा कमकुवत होतो. ईएसआय (कामगार विमा) असेल तर लांबच्या आजारांसाठीच्या वाढीव लाभाची चौकशी शाखेत करा. उत्पन्न अगदीच कमी असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज.

यंत्रमागावर काम करणाऱ्याला निदान झाल्याबरोबर मागापासून बाजूला घ्या. चालू धोट्याशी आणि पट्ट्याशी खेळ नको. टॉवेलच्या घड्या घालणं, गठ्ठे बांधणं यांसारखी कामं बरेच महिने जमतात. मोजणी मात्र दुसऱ्याकडं द्या. स्वतःचा कारखाना किंवा दुकान असेल तर उधारीची वही आणि चेकबुक त्याच आठवड्यात तुमच्या ताब्यात घ्या. यूपीआय त्याच्या फोनवर ठेवायचंच असेल तर वेगळ्या, थोड्याच पैशांच्या खात्याला जोडा. खिशात शंभर-दोनशे रुपये असू द्या. रिकामा खिसा माणसाला फार लागतो आणि त्यावरून रोज भांडणं होतात.

घर

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघरी हौद, टाक्या, पिंपं भरलेली. रुग्ण नळ किंवा टाकीचा कॉक उघडा ठेवतो आणि चार दिवसांचं पाणी तासात वाहून जातं. त्यावरून होणारा आरडाओरडा टाळायचा तर मुख्य कॉकची दांडी काढून ठेवा आणि वापराला एकच बादली बाहेर ठेवा. जमिनीतल्या हौदाच्या झाकणाला कुलूप हवंच. पाणी यायच्या दिवशी घरात धावपळ असते, रुग्ण बिथरतो. त्या तासाभरात त्याच्या हातात पाइप द्या किंवा झाडांना पाणी घालायला लावा.

गॅस वापरून झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. दुचाकीची किल्ली लपवली की ती शोधण्यात दिवस जातो. प्लगची वायर काढून ठेवली की 'गाडी बिघडलीय, मेकॅनिकला सांगितलंय' एवढ्यावर विषय मिटतो. गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं तर तुमच्यावरचा राग कमी होतो.

माणूस घराबाहेर पडतो तो उगाच नव्हे. बहुधा जुन्या कामावर किंवा लहानपणच्या घरी निघालेला असतो. खिशातल्या कार्डावर भरवसा नको, शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा. रिक्षा स्टँड, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला यांना स्पष्ट सांगून ठेवा. लपवलं तर कुणी थांबवणार नाही. हरवल्यास २४ तास थांबायचा कुठलाही नियम नाही. ११२ ला फोन, लगेच पोलीस ठाणं, हातात त्याच आठवड्यातला फोटो. एक जण एसटी स्टँडवर, एक रेल्वे स्टेशनवर, एक जुन्या घराकडं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या गर्दीत रुग्णाला नेऊ नका. नंदीध्वजांची मिरवणूक ओळखीच्या गच्चीतून दाखवा.

संशय आणि राग

'तुझं कुणाशीतरी आहे' हे वाक्य पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला ऐकवत नाही. तरीही खुलासे देऊ नका. मुलांची शपथ घेणं, फोन उघडून दाखवणं, 'मग त्यालाच बोलवा' म्हणणं, या सगळ्यानं संशय पक्का होतो, कारण कारणमीमांसा करणारा मेंदूचा भागच दुखावलेला असतो. त्या बोलण्यामागं बहुतेक वेळा भीती असते: ही मला सोडून जाईल. उत्तर त्या भीतीला द्या. 'अहो, मी कुठं जाणार? इथंच आहे. चहा टाकते, बसा.' पाकीट चोरल्याचा आरोप आला तर 'चला, दोघं मिळून शोधू' म्हणा, आणि तसंच दिसणारं दुसरं पाकीट कपाटात असू द्या.

तेच तेच विचारणं चालू राहतं तेव्हा 'आत्ताच सांगितलं ना' हे तीन शब्द टाळा. पहिल्यांदाच विचारल्यासारखं थोडक्यात सांगा, दोन-तीनदा झालं की हातात काम द्या: शेंगा फोडायला, लसूण सोलायला, कपड्यांच्या घड्या घालायला.

हात उगारला गेला तर सहन करत बसू नका. आजारामुळं मारलं तरी लागतं तेवढंच. स्वयंपाकघरात अडकू नका, दाराच्या बाजूला राहा, फोन कमरेला, शेजारची एक वहिनी माहितीतली. बाहेर पडा, पंधरा मिनिटांनी या. एक-दोन दिवसांत अचानक असं वागणं सुरू झालं असेल तर कारण बहुधा शरीरात असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, नवी गोळी, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडणं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागितलं तरच पाणी देऊ असं ठेवू नका. तहान सांगायची सुधरत नाही. हृदय-किडनीचं पथ्य नसेल तर तासा-दीड तासाला अर्धा पेला हातात द्या.

शांत करणाऱ्या गोळ्या हा शेवटचा उपाय. वयस्कर रुग्णांत काही गोळ्यांनी झटका आणि मृत्यूचा धोका वाढतो. डॉक्टरांनी दिल्या तर किती आठवडे, कधी कमी करायच्या, हे लिहून घ्या.

अंथरूण

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि या वयात हाच प्रश्न मोठा असतो. इच्छा अजिबात संपते, किंवा भलतीच वाढते. दोन्ही आजारातच येतं. वाढली असेल तर डॉक्टरांना आडपडद्यानं सांगू नका. 'दिवसातून चार वेळा मागतात, मुलांसमोरही हात लावतात' असं सरळ सांगा. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही हे होतं, तेव्हा चालू औषधांची यादी दाखवा. 'नाही' म्हणायचा तुमचा हक्क आजारानं जात नाही. त्याच खोलीत वेगळी कॉट, निमित्त म्हणून कंबरदुखी; मोठी मुलगी असेल तर तिच्या खोलीला आतून कडी, आणि तिला कारण समजावून सांगितलेलं.

बायको आजारी असेल तर नवऱ्यानं एक गोष्ट समजून घ्यावी. ती ओळखत नसेल, अंग आखडून घेत असेल, रडत असेल, तर तो नकार आहे. लग्न झालंय म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही. तिची पाळी चालू असेल तर दिवस राहू शकतात, हे बऱ्याच घरांत कुणाच्या ध्यानातच येत नाही. रोजची गोळी तिच्या लक्षात राहणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना तांबीबद्दल विचारा. पाळीच्या तारखा नवऱ्यानं कॅलेंडरवर लिहाव्यात. दोन दिवस आधी पॅड लावलेली चड्डी तयार ठेवावी, वापरलेलं पॅड ती कपाटात लपवते का बघावं. साडीऐवजी पुढून बटणांचा गाऊन. मंगळसूत्र आणि पाटल्या काढून ठेवायच्या तर तसंच खोटं मंगळसूत्र गळ्यात असू द्या. मोकळ्या गळ्याला हात लावून ती दिवसभर शोधत राहते.

जवळीक दुसऱ्या वाटांनी टिकते. डोक्याला तेल लावून देणं, वेणी घालून देणं, रोज ठरावीक वेळी कंबर तलावाला फेरी, जुनी भजनं. शब्द हरवले तरी हाताचा स्पर्श आणि चाल ओळखीची राहते. 'तुम्ही कोण?' असं विचारलं तर लग्नाचा अल्बम काढून परीक्षा घेऊ नका. 'मी सोबतीला आहे' एवढं पुरतं.

धडधाकट जोडीदाराला एकटेपणा येतो, कधी दुसऱ्या कुणाबद्दल ओढही वाटते. त्यानं माणूस वाईट ठरत नाही. हिंदू विवाह कायद्यात बऱ्या न होणाऱ्या मनोविकाराच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो, पण पोटगीची जबाबदारी त्यानं आपोआप संपत नाही. आजारी सुनेला 'थोडे दिवस आराम' म्हणून माहेरी पाठवून कायमचं विसरणं मात्र आपल्याकडं सर्रास चालतं. माहेरच्यांनी अशा वेळी स्त्रीधन, औषधाचा खर्च आणि पोटगी लेखी मागावी. आजार आहे म्हणून तिचे हक्क जात नाहीत.

मुलं आणि स्थळं

दहाव्या वर्षाच्या पुढच्या मुलाला नाव घेऊन सांगा: बाबांच्या मेंदूला आजार आहे, ते ओरडतात ते तुझ्यामुळं नाही. परीक्षेच्या वर्षात मुलावर रात्रपाळी टाकू नका.

'आम्हाला पण होईल का?' हा प्रश्न येणारच. बहुतेक अवेळी रुग्णांत आजार आई-बापाकडून थेट आलेला नसतो. पण एका बाजूच्या लागोपाठच्या पिढ्यांत दोन-तीन जणांना साठीच्या आत झाला असेल तर जनुकीय समुपदेशन घ्या. तसं जनुक सापडलं तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी अठराव्या वर्षानंतर, आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल तरच. स्थळ बघताना आजार लपवू नका. लग्नानंतर कळलं तर पोरीच्याच गळ्याशी येतं.

ताट आणि तुमची झोप

पुढच्या टप्प्यात गिळणं बिघडतं. कडक भाकरी आणि आख्खे शेंगदाणे आधी बंद. मऊ भाकरी आमटीत कुस्करून, शेंगा चटणी बारीक कुटून दह्यात कालवून. सरळ बसवून भरवा, घास छोटा, आधीचा गिळला की पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. खाताना खोकला, ओला आवाज, वारंवार ताप म्हणजे घास श्वासनलिकेत जातोय. अगदी शेवटच्या अवस्थेत नाकातली नळी घालायची गोष्ट निघते. तिनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, हे माहीत असू द्या आणि मगच ठरवा.

तुमच्यासाठी नियम एकच, पण मोडू नका: आठवड्यातल्या किमान तीन रात्री सलग झोप. त्या रात्री भाऊ, मोठा मुलगा किंवा पगारी माणूस रुग्णाच्या खोलीत. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तिथल्या तिथं वार आणि वेळ द्या: 'भावजी, गुरुवारी चार ते सहा तुम्ही बसा.' पगारी मावशी ठेवली तर कामं कागदावर लिहून द्या, पहिले चार दिवस तुम्ही घरात थांबा, आणि दागिने-पैसे कुलपात ठेवा. नाहीतर रुग्णाच्या आरोपात तिची नोकरी जाते आणि दुसरी कुणी यायला तयार होत नाही. रात्री-अपरात्री स्वतःलाच सावरेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.